पिशवी काढायची ठरली, पण कुठल्या वाटेनं?

"सासूबाईचं खालून झालं, जावेचं दुर्बिणीनं झालं, अन् मले म्हंतेत पोट फाडा लागन. पिशवी तर तिघींची सारखीच ना, मॅडम?"

विदर्भातल्या कुठल्याही स्त्रीरोग ओपीडीत तासभर बसा, हा प्रश्न थोड्याफार फरकानं कानावर पडतोच. त्यात आता रोबोटची भर पडली आहे. नागपुरात शिरताना रोबोटिक सर्जरीचे फलक दिसतात, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर 'दुर्बिणीद्वारे, बिनटाक्याचे' असं भिंतीवर रंगवलेलं असतं, आणि बाईच्या हातात असते फक्त सोनोग्राफीची फाईल. तिला ऑपरेशनची तारीख मिळते. हीच वाट का, हे मात्र बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ती तिघींची सारखी नसते, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं आम्हा डॉक्टरांना जरा अडचणीचं आहे: पुष्कळदा वाट पिशवी बघून ठरत नाही, दवाखान्यात कुठलं यंत्र आहे आणि डॉक्टरचा हात कशावर बसला आहे यावरून ठरते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तेव्हा हे घरातलं माणूस सांगतंय असं समजा.

इथं बोलायचं आहे ते कॅन्सर नसलेल्या आजारांबद्दल, म्हणजे पिशवीतल्या गाठी, पाळीत अतोनात रक्त जाणं, पिशवीची भिंत जाड होऊन दुखणं, अंग बाहेर येणं वगैरे. कॅन्सर असेल किंवा तसा संशय असेल तर हिशेब वेगळा.

## मुळात काढायचीच आहे का?

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला आम्ही हिस्टरेक्टॉमी म्हणतो. गावात सगळे 'पिशवी काढणं' म्हणतात, मीही पुढं तेच म्हणते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के बायकांनी पिशवी काढल्याचं सांगितलं. त्याआधीच्या फेरीत असं दिसलं होतं की यातल्या साधारण दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळचं वय चौतिशीच्या आसपास होतं. चौतिशी म्हणजे थोरली पोरगी अजून शाळेत असते, त्या वयात.

या बाबतीत गडचिरोलीचं एक काम जगभर माहीत आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. आपल्या विषयासाठी त्यातली कामाची गोष्ट अशी की त्या त्रासातला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा होता, म्हणजे औषधानं बरा होणारा. पांढरं पाणी जातं, कंबर दुखते, म्हणून पिशवी काढा असं कोणी सांगत असेल तर तिथून फाईल उचलावी.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला 'बल्की युटेरस' हा शब्द फार बायकांना घाबरवतो. त्याचा अर्थ पिशवी थोडी मोठी आहे, एवढाच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. 'बल्की' हा आजार नाही. 'पिशवीच्या तोंडाला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल' हे वाक्यही असंच फिरतं. संशय असेल तर पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी करायची, गरज पडली तर तुकडा तपासायला पाठवायचा. भीतीपोटी आख्खी पिशवी काढायची नाही.

रक्त जास्त जात असेल तर आधी थायरॉइड बघावं, हिमोग्लोबिन बघावं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, आणि हार्मोनची तांबी आहे. ही तांबी बसवली की रक्तस्राव पुष्कळ कमी होतो आणि ती वर्षानुवर्षं चालते. आतल्या पोकळीत डोकावणारी छोटी गाठ असेल तर नुसती गाठ खालूनच दुर्बिणीनं काढता येते. हे सगळं करून झालं, किंवा करण्यासारखं नव्हतं, तर पिशवी काढणं हा चांगला उपचार आहे. त्यानं कित्येकींचं आयुष्य सुधारतं, हेही तितकंच खरं.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक पिशवी काढण्याच्या प्रकरणात निकाल दिला. केंद्रीय आरोग्य खात्यानं २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू करावी असं त्यात सांगितलं. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची असेल तर एकट्या डॉक्टरच्या शब्दावर काढू नये, दुसऱ्या डॉक्टरचाही अभिप्राय असावा, हा त्यामागचा विचार. तेव्हा दुसरीकडे दाखवायला फाईल मागताना संकोचू नका.

## पिशवी बसलेली कशी असते?

साधी पिशवी सात-आठ सेंटिमीटर लांब असते आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत. ओटीपोटात ती हाडाला चिकटलेली नसते, दोन्ही बाजूंच्या बंधांवर तरंगती असते. पुढं मूत्राशय, मागं गुदाशय. दोन्ही बाजूंनी तिला रक्त पुरवणारी एकेक मोठी रक्तवाहिनी येते आणि त्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी जाते. पिशवीच्या तोंडापासून हे अंतर दीड-दोन सेंटिमीटर. कुठल्याही वाटेनं जा, सर्जनचा जीव इथंच टांगलेला असतो.

पिशवीचं तोंड योनीमार्गात उघडतं. म्हणजे निसर्गानं एक रस्ता ठेवलेलाच आहे. बाळ तिथूनच येतं.

पिशवी मोठी झाली की आम्ही तिचं मोजमाप गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतो. 'बारा आठवड्यांची पिशवी' म्हणजे तीन महिन्यांच्या गरोदर बाईची असते तेवढी, साधारण २८० ग्रॅमची. हे ऐकून एखादी सासू चमकते, म्हणून आधीच सांगते: त्याचा गर्भ असण्याशी काही संबंध नाही.

## वाटा कुठल्या?

पोटावरची वाट सगळ्यांना माहीत आहे. ओटीपोटावर आडवा किंवा उभा छेद घेतात, बहुधा दहा-पंधरा सेंटिमीटरचा. सगळं डोळ्यांसमोर असतं, हात आत जातो. किंमत चुकवावी लागते ती जखमेची: दुखणं जास्त, जखमेत पू होण्याची भीती जास्त, दवाखान्यातला मुक्काम लांबतो, पुढं कधी हर्नियाही होऊ शकतो.

दुर्बिणीच्या वाटेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. तीन-चार छोट्या भोकांतून कॅमेरा आणि अवजारं आत घालतात, पडद्यावर बघत बंध आणि रक्तवाहिन्या विजेच्या अवजारानं जाळून कापतात, आणि सुटी झालेली पिशवी बहुतेक वेळा खालूनच बाहेर काढतात. हे अनेकींना माहीत नसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही शेवटचा दरवाजा खालचाच असतो. रोबोट ही दुर्बिणीचीच पुढची आवृत्ती. सर्जन बाजूच्या खुर्चीत बसून अवजारं चालवतो. यंत्र स्वतःहून काही ठरवत नाही.

आणि खालची, म्हणजे योनीमार्गातली वाट. पोटावर एकही छेद नाही. सगळ्यांत जुनी हीच. जर्मनीत कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ मध्ये ठरवून अशी शस्त्रक्रिया केली होती, तर दुर्बिणीनं पहिली पिशवी अमेरिकेत निघाली १९८८ मध्ये. या वाटेची माहिती सगळ्यांत कमी लोकांना आहे, म्हणून ती जरा जवळून बघू.

कमरेत भूल देतात. भूल चढली की पाय वर घेऊन बांधतात, नळीनं मूत्राशय रिकामं करतात आणि ब्लेड लावण्याआधी पुन्हा एकदा हातानं तपासतात. ओपीडीत बाई घाबरलेली असते, पोट आवळून धरते, त्यामुळे पिशवी किती हलते ते धड कळत नाही. भुलीनंतर स्नायू सैल पडतात. पिशवीच्या तोंडाला चिमटा लावून हलकेच खाली ओढलं की खरं चित्र दिसतं. ओपीडीत 'हिचं खालून जमणार नाही' असं वाटलेली पिशवी टेबलावर सहज खाली येते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. उलटंही कधीतरी होतं. मग तोंडाभोवती गोल छेद घेऊन पुढचं मूत्राशय वर सारायचं, मागून पोटाच्या पोकळीत शिरायचं, आणि दोन्ही बाजूंचे बंध एकेक करून चिमट्यात धरायचे, कापायचे, दोऱ्यानं बांधायचे. मोठ्या रक्तवाहिन्या दोन्हीकडून बांधल्या की रक्ताची भीती बरीच ओसरते. पिशवी मोठी असेल तर तिथंच अर्धी चिरून, आतली गाठ सोलून, तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढतात. शेवटी योनीचं वरचं टोक शिवून बंद. पिशवी फार मोठी नसेल तर अनुभवी हाताला तासाभराचं काम.

## मग ठरतं कसं?

विहिरीत सोडलेली मोटार वर काढायची असली की आपण तीन गोष्टी बघतो. विहिरीचं तोंड केवढं आहे, मोटार केवढी आहे, आणि ती मोकळी लटकली आहे की गाळात रुतली आहे. पिशवीचंही तसंच.

तोंड, म्हणजे योनीमार्गात काम करायला पुरेशी जागा आहे का. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बाईत ती बहुतेक असते. मूल न झालेल्या बाईत कमी असू शकते, पण तेवढ्यावरून वाट बंद होत नाही. आकार, म्हणजे बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी खालून निघायला हरकत नसते. त्याहून मोठीही निघते, पण त्याला तसा सर्जन हवा. आणि रुतलेली आहे का, म्हणजे पिशवीबाहेर काही आजार आहे का: अंडाशयाची गाठ, एंडोमेट्रिऑसिस (पिशवीचं अस्तर बाहेर इतरत्र उगवण्याचा आजार), जुन्या संसर्गानं किंवा आधीच्या ऑपरेशनांनी आतडं-पिशवी एकमेकांना चिकटणं. असं असेल तर आत डोळ्यानं बघावं लागतं आणि तिथं दुर्बीण खरोखर कामाची ठरते.

पिशवी बेंबीपर्यंत आलेली, किंवा सगळं घट्ट चिकटलेलं, किंवा कॅन्सरचा संशय, किंवा बाईची तब्येत अशी की लवकर उरकणं भाग आहे, तर पोट उघडणं हाच शहाणपणा. पोटावरचा छेद म्हणजे मागासलेलं ऑपरेशन असं समजू नका. कारण सांगता आलं पाहिजे, एवढंच.

हे माझं एकटीचं मत नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिनं २०२३ मध्ये या विषयावरच्या ६३ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात सहा हजार आठशेहून जास्त बायका होत्या. निष्कर्ष असा: शक्य असेल तिथं पोट उघडण्यापेक्षा खालची वाट धरावी, बाई लवकर कामाला लागते, जखमेचे त्रास कमी, मुक्काम कमी. खालून शक्य नसेल तर पोट उघडण्यापेक्षा दुर्बीण बरी, पण दुर्बिणीत वेळ जास्त जातो आणि मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका वाढतो. खालची वाट आणि दुर्बीण यांची थेट तुलना केली तर कामाला लागण्यात फरक दिसला नाही, पण खालचं ऑपरेशन लवकर उरकतं आणि सुट्टी लवकर मिळते. रोबोटबद्दल त्यांनी अजून अभ्यास हवा म्हटलं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१७ मध्ये हीच शिफारस केली होती: जमण्यासारखं असेल तेव्हा पहिली पसंती खालच्या वाटेला.

## "पण खालून तर अंग बाहेर आलेल्यांचंच होतं ना?"

ही समजूत इतकी पक्की आहे की काही डॉक्टरही तीच धरून असतात. अंग बाहेर आलेलं नसताना खालून पिशवी काढणं ही रोजच्या कामातली शस्त्रक्रिया आहे. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी यात जगभर नाव कमावलं. सिझर झालेल्या बाईची पिशवीही खालून सुरक्षितपणे काढता येते हे त्यांनी करून दाखवलं आणि शिकवलं.

सिझरचा मुद्दा तेवढा नीट समजून घ्या. आधीच्या सिझरमुळे मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं आणि ते सोडवताना त्याला इजा होऊ शकते. हा धोका पोट उघडा, दुर्बीण घाला की खालून जा, तिन्हीकडे आहे. म्हणून 'सिझर झालंय, खालून नाहीच' हे सरसकट उत्तर बरोबर नाही. 'तीन सिझर झालीत, पिशवी पोटाच्या भिंतीला वर ओढली गेली आहे, तपासताना हलत नाही' हे उत्तर बरोबर आहे.

मग ही वाट एवढी कमी का वापरली जाते? मला वाटतं, यातला मोठा भाग शिकण्या-शिकवण्याचा आहे. पोट उघडलेलं असलं की चार शिकाऊ डॉक्टर भोवती उभे राहून बघतात. दुर्बिणीत तर सगळं पडद्यावरच असतं. खालच्या ऑपरेशनमध्ये जे दिसतं ते करणाऱ्याला, बाकीच्यांना त्याची पाठ दिसते. आणि दुसरं कारण बाजाराचं. दुर्बिणीची अवजारं विकणाऱ्या कंपन्या कार्यशाळा भरवतात, फलक लावतात. खालच्या ऑपरेशनला लागतात चार-सहा चिमटे, कात्री, दोरा. त्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही कुठं दिसत नाही.

## "दुर्बीण नवी आहे, म्हणजे चांगलीच असेल"

दुर्बिणीशी माझं वैर नाही. एंडोमेट्रिऑसिसच्या बाईला मी स्वतः दुर्बिणीकडेच पाठवते. पण आपल्याकडच्या बाईनं तीन गोष्टी तोलाव्यात.

एक, भूल. दुर्बिणीला बहुधा पूर्ण भूल लागते, डोकं खाली करून बराच वेळ ठेवावं लागतं, पोटात वायू भरलेला असतो. फुप्फुसं, हृदय धड असलेल्या बाईला ते सोसतं. आयुष्यभर चुलीच्या धुरात बसून दम्यासारखा त्रास जडलेल्या मावशीला कमरेतल्या भुलीवर खालून उरकणं कधीही सोपं.

दुसरी गोष्ट आपल्या अंतरांची आहे. विजेच्या अवजारानं मूत्रवाहिनीला चटका बसला तर तो त्या दिवशी दिसत नाही. आठ-दहा दिवसांनी तिथं भोक पडतं: ताप, पोट फुगणं, कुशीत दुखणं किंवा खालून सतत पाणी झिरपणं. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा बाई घरी गेलेली असते. नागपुरातली बाई रिक्षा करून परत येईल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. धारणीच्या पुढच्या पाड्यातून अमरावती गाठायला घाट उतरावा लागतो. अशा गावची बाई असेल तर ऑपरेशन कुठल्याही वाटेनं होवो, महिना बघून तारीख घ्या किंवा पहिले दहा-बारा दिवस दवाखान्याजवळच्या नातलगाकडे काढा.

तिसरी गोष्ट तुकडे करण्याची. मोठी गाठ छोट्या भोकातून काढायला ती यंत्रानं किसून काढायची पद्धत होती. गाठीत लपलेला कॅन्सर असला तर तो पोटभर पसरू शकतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. गाठीसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांमागे एकीत असा लपलेला कॅन्सर निघतो असा तेव्हा त्यांचा अंदाज होता. खालून तुकडे करतानाही हा विचार करावाच लागतो. म्हणून चाळिशीनंतर रक्त जास्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा आधी तपासून घेणं आणि गाठ झपाट्यानं वाढली असेल तर आणखी सावध राहणं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ही तपासणी झाल्याशिवाय कुठल्याच वाटेनं जाऊ नका.

## "खालून केलं तर नवऱ्याला त्रास होईल"

हे बाई स्वतः क्वचित विचारते. सोबत आलेली नणंद हळूच विचारते. उत्तर सरळ आहे: पिशवी कुठल्याही वाटेनं निघाली तरी योनीचं वरचं टोक शिवलंच जातं, पोट उघडून केलं तरीही. बहुतेक बायकांचा संसार पहिल्यासारखाच चालतो, रक्तस्राव आणि दुखणं थांबल्यानं काहींचा आधीपेक्षा बरा. अंग बाहेर आलेलं असताना जास्तीची कातडी काढून दुरुस्ती केली जाते, तेव्हा मात्र जागा अरुंद होणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि हे डॉक्टरला आधी बोलून दाखवलेलं बरं.

## "टाके दिसत नाहीत, मग आठवड्यात वावरात"

माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त नुकसान या समजुतीनं होतं. बाहेरची जखम लहान असली तरी आतलं ऑपरेशन तेवढंच मोठं असतं. आतले बंध तुटलेले असतात, योनीच्या टोकाला टाके असतात, आणि ते टाके भरायला तिन्ही वाटांत साधारण सहा आठवडे लागतात. दुर्बिणीनंतर तर ही शिलाई उसवण्याचं प्रमाण इतर दोन वाटांपेक्षा थोडं जास्त आढळलं आहे. पोट दुखत नाही म्हणून बाई आठव्या-दहाव्या दिवशी पाण्याचा गुंड उचलते, कापूस वेचायला वाकते, आणि अचानक रक्त सुरू होतं.

सहा आठवडे जड उचलायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. चालणं-फिरणं, भाकरी करणं दोन-तीन दिवसांत सुरू करावं. झोपून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा तोंडावर असताना ऑपरेशन करून घेऊ नका असं मी सांगते, कारण घरचे कितीही 'आराम कर' म्हणाले तरी मजूर मिळाला नाही की बाई उठतेच. उन्हाळ्यात गर्दी होते, पण तेच खरं सोयीचं.

## आधी रक्त, मग तारीख

महिनोन् महिने अंगावरून जात असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेलं असतं. वाट कुठलीही असो, आधी गोळ्यांनी रक्तस्राव थांबवून शिरेतून लोह देऊन ते वर आणायचं. तातडी नसेल तर तीन-चार आठवडे थांबल्यानं काही बिघडत नाही, उलट रक्ताच्या पिशव्या वाचतात.

आणि विदर्भात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाल्याशिवाय टेबलावर घेऊ नये. नुसती वाहक असेल तर फारसा प्रश्न येत नाही. आजार असेल तर तिला थंडी वाजू द्यायची नाही, शरीर कोरडं पडू द्यायचं नाही, ऑक्सिजन कमी होऊ द्यायचा नाही. अशा बाईत लांबलचक, डोकं खाली करून चालणाऱ्या ऑपरेशनपेक्षा लवकर उरकणारी वाट भूलतज्ज्ञाला केव्हाही बरी वाटते. सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड घरी पेटीत ठेवून येऊ नका, सोबत आणा.

## अंडाशयाचं वेगळं विचारा

'पिशवीसोबत सगळंच काढून टाका' हे वाक्य फार महागात पडतं. हार्मोन तयार होतात ते अंडाशयात, पिशवीत नाही. पस्तिशीत दोन्ही अंडाशयं काढली की त्याच दिवशी पाळी जाण्याचं वय सुरू होतं: अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयाचे आजार. पाळी जाईपर्यंत चांगली अंडाशयं ठेवावीत हा सर्वसाधारण नियम आहे. बीजनलिका मात्र सोबत काढल्या तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, त्या काढू द्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी काय काय काढणार हे मराठीत लिहून घ्या.

## डॉक्टरला विचारायचं ते

"माझं खालून का नाही होणार?" हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होतं. 'पिशवी सोळा आठवड्यांची आहे', 'अंडाशयाची गाठ चिकटलेली दिसते' असं उत्तर आलं तर ते खरं कारण आहे. 'आता कोणी खालून करत नाही' हे कारण नाही. 'मी खालून करत नाही, माझा हात दुर्बिणीवर आहे' असं कोणी स्पष्ट सांगितलं तर त्याचा मान ठेवा; ज्याचा हात ज्या वाटेवर बसला आहे त्याच्याकडून तीच वाट सुरक्षित. बाईनं हट्ट धरून न जमणाऱ्याकडून खालून करून घ्यावं असं मी मुळीच म्हणत नाही. अशा वेळी नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, अकोला इथल्या मोठ्या रुग्णालयांत एकदा दाखवून यायला हरकत नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. ऑपरेशन ठरल्यावर नाही, ठरायच्या आधी.

'मधेच पोट उघडावं लागलं तर?' हेही विचारून ठेवा. दुर्बिणीनं किंवा खालून सुरू केलेलं ऑपरेशन अडलं आणि पोट उघडलं तर तो सर्जनचा पराभव नव्हे. रक्त थांबत नसताना हट्टानं भोकातूनच करत राहणारा जास्त धोक्याचा. घरच्यांना हे आधी माहीत असलं की दवाखान्याबाहेर आरडाओरडा होत नाही.

काढलेली पिशवी तपासायला प्रयोगशाळेत गेली पाहिजे, मग ती कुठल्याही वाटेनं निघालेली असो. कधी कधी ती नातलगांना ट्रेमध्ये दाखवतात आणि विषय तिथंच संपतो. तसं होऊ देऊ नका. रिपोर्ट यायला आठ-पंधरा दिवस लागतात, टाके दाखवायला जाल तेव्हा मागून घ्या आणि सोनोग्राफीच्या फाईलला लावून ठेवा. त्यात लायोमायोमा किंवा ॲडिनोमायोसिस असं लिहिलं असेल तर ती साधी गाठ किंवा जाड झालेली भिंत आहे. ॲटिपिया, सार्कोमा, कार्सिनोमा यातला एकही शब्द दिसला तर टाके भरायची वाट न बघता फाईल घेऊन डॉक्टरकडे जा.